प्रवासी सन्मान : आपल्या माणसाचे नाव कोण सुचविणार?

दर दोन वर्षांनी जानेवारी महिन्यात भारत सरकार परदेशी राहणाऱ्या भारतीयांचा मोठा मेळा भरविते. त्याला 'प्रवासी भारतीय दिवस' म्हणतात. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीच्या शिफारशीनुसार २००३ साली दिल्लीत हा मेळा प्रथम भरला. पुढे तो दरवर्षी भरत गेला आणि २०१५ नंतर एक वर्षाआड भरू लागला. अठरावा मेळा जानेवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला झाला. समारोपाला राष्ट्रपतींच्या हस्ते 'प्रवासी भारतीय सन्मान' दिला जातो. परदेशस्थ भारतीयांसाठी आपल्या सरकारचा हा सर्वात मोठा सन्मान आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत यादी छापून येते. कोणी उद्योगपती असतो, कोणी शल्यविशारद, कोणी परदेशात मंत्रिपदापर्यंत पोहोचलेला असतो. आपण यादी वाचतो, आपला कोणी दिसतो का ते पाहतो आणि "आपल्याला कोण विचारतो?" असे म्हणून पान उलटतो.

हा प्रश्न अर्धा खरा आहे. विचारणारे विचारीत नाहीत हे खरेच. पण आपण तरी आपल्या माणसाचे नाव कधी सुचविले काय? त्याच्या कामाचे चार कागद गोळा करून, सह्या घेऊन, वेळेत नेऊन दिले काय? हा उरलेला अर्धा प्रश्न आपण स्वतःला विचारीत नाही. आज तोच विचारायचा आहे.

सन्मान आकाशातून पडत नाही. त्याची एक फाईल असते. परराष्ट्र मंत्रालय नामांकने मागविते. ती त्या त्या देशातील भारतीय दूतावासांमार्फत पुढे जातात. उपराष्ट्रपती अध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री उपाध्यक्ष असलेली निवड समिती त्यातून नावे काढते. समितीतील कोणी वूल्व्हरहॅम्प्टनच्या बुद्धविहारात जाऊन तेथे झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्याला भेटत नाही. समिती कागद पाहते. कागदावर जो आहे तो आहे, जो नाही तो नाही. मग कागद कोण तयार करतो? ज्याची दूतावासात उठबस आहे तो. व्यापारी मंडळे, मंदिर समित्या, प्रांतोप्रांतीची मंडळे यांचे लोक तेथे नित्य जातात. अधिकारी त्यांना नावाने ओळखतात. आपले कार्यकर्ते जातात ते १४ एप्रिलचे निमंत्रण द्यायला. अलीकडे बऱ्याच दूतावासांत बाबासाहेबांची जयंती साजरी होते, ही चांगली गोष्ट आहे. पण वर्षातून एकदा फोटोला हार घालणे वेगळे आणि त्या फोटोतील माणसाचे काम पुढे नेणाऱ्याचे नाव दिल्लीला कळविणे वेगळे.

आता ९ जानेवारी या तारखेकडे पाहू. १९१५ साली याच दिवशी मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला परतले. त्यांचे जंगी स्वागत झाले. म्हणून ही तारीख निवडली. परदेशातून परतलेल्या माणसाचा दिवस पाळायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण परतणारे ते एकटेच नव्हते. ऑगस्ट १९१७ मध्ये आणखी एक प्रवासी मुंबईला परतला. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून, बडोदे सरकारशी केलेल्या कराराप्रमाणे नोकरीवर हजर व्हायला तो आला होता. बडोद्यात त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी खाणावळीत नाव बदलून राहावे लागले. जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. शिक्षणाने उंचावलेल्या या प्रवाशाचे मायदेशाने असे स्वागत केले.

आणखी एक प्रवासी पाहा. पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातले मंगूराम मुगोवालिया १९०९ साली अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियातील मळ्यांत राबले. गदर पक्षात सामील होऊन त्यांनी इंग्रजांविरुद्ध जीव धोक्यात घातला. १९२५ साली ते परत आले. गावात पाहतात तर अस्पृश्यता होती तशीच. १९२६ साली त्यांनी 'आदि धर्म' चळवळ उभी केली आणि पंजाबच्या अस्पृश्यांना स्वतःची ओळख दिली. परदेशात समानतेचा वारा लागलेला माणूस परत येऊन काय करू शकतो, याचे हे दोन दाखले आहेत. त्यांची आठवण ९ जानेवारीला कोण काढतो? आपण नाही काढली तर कोणीच काढणार नाही.

येथे चळवळीतील काही मित्र आक्षेप घेतील. सरकारच्या प्रशस्तिपत्राची हाव कशाला? व्यवस्थेविरुद्ध लढणाऱ्याने व्यवस्थेच्या हातून शाल घ्यावी काय? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

उत्तर महात्मा फुले यांच्या चरित्रातच आहे. नोव्हेंबर १८५२ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतिरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. जोतिरावांनी तो स्वीकारला. कशासाठी होता तो? मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळांसाठी. ज्या कामासाठी सनातनी त्यांना शिव्या देत होते, नेमके तेच काम त्या सत्काराचे कारण होते. त्या सत्काराने जोतिरावांची लेखणी बोथट झाली नाही. सरकारच्या शिक्षण धोरणावर त्यांनी नंतरही कठोर टीका केली. पुढे ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात कष्टकरी जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. ती सरकारने दिली नव्हती, पण आज सारा देश तीच उच्चारतो. यातून दोन गोष्टी शिकायच्या. सन्मान कोण देतो याच्याइतकाच तो कोणत्या कामासाठी देतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि सरकार देवो न देवो, आपल्या माणसाला आपण मान द्यायचे काम थांबता कामा नये.

नाव सुचविण्याचे मोल तर बाबासाहेबांच्या आयुष्यात पदोपदी दिसते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी बागेत पुस्तक वाचीत बसणाऱ्या एका मुलाला हेरतात. तो १९०७ साली मॅट्रिक होतो तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट देतात. पुढे पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ येते तेव्हा हेच गुरुजी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकतात आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. बडोद्याशी जुळलेल्या याच नात्यातून १९१३ साली अमेरिकेची वाट उघडली. गुरुजींच्या त्या शब्दाला आजच्या भाषेत नामांकन म्हणायचे. ज्याला त्या मुलाचे गुण दिसले त्याने ज्याच्या हाती देणे होते त्याला जाऊन सांगितले. गुरुजी गप्प बसले असते तर? सुचविणाऱ्याचे नाव पुष्कळदा विस्मृतीत जाते, पण त्याच्या एका शब्दाने इतिहास वळतो.

तेव्हा नाव सुचवावे की नाही हा वाद येथे संपवू. खरा वाद निकषांचा आहे.

प्रवासी सन्मानाच्या निकषांत भारताची प्रतिष्ठा वाढविणे, भारताच्या प्रश्नांना परदेशात पाठिंबा मिळविणे, स्थानिक भारतीय समाजाचे कल्याण करणे, सामाजिक व मानवतावादी काम करणे अशा गोष्टी येतात. वाचायला निकष चांगले आहेत. अडचण येते ती 'प्रतिष्ठा' या शब्दापाशी. परदेशात जाऊन जो जातीविषयी बोलतो तो देशाची बदनामी करतो, अशी ओरड एक वर्ग सतत करीत असतो. डरबानला २००१ साली वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जात हा विषय तेथे नको अशी भूमिका खुद्द भारत सरकारने घेतली होती. अशा वातावरणात जातीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव दूतावासात घेऊन जायचे तरी कसे, असे कार्यकर्त्यांना वाटते. मग ते नाव सुचवितातच, पण 'यशस्वी अभियंता' किंवा 'नामवंत डॉक्टर' म्हणून. चळवळीचे वीस वर्षांचे काम शेवटच्या ओळीत 'इतर सामाजिक कार्य' या तीन शब्दांत आटोपतात.

हे मान्य करता येणार नाही. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो आणि तिचे आचरण हा गुन्हा ठरवितो. हा अनुच्छेद भारताचा आहे. त्याचा अभिमान भारताने बाळगायचा आहे. मग इंग्लंड-अमेरिकेत जातीवरून कोणाला कामावरून काढू नका, घर नाकारू नका असे सांगणारा माणूस भारताच्या संविधानाचाच विचार परदेशी नेतो की नाही? प्रतिष्ठा त्याने वाढविली की परदेशातही मुलाचे लग्न ठरविताना जात विचारणाऱ्याने? दक्षिण आफ्रिकेत भारतीयांवर होणाऱ्या अन्यायाला ज्याने वाचा फोडली, त्याच्या परतण्याचा दिवस सरकार साजरा करते. अन्याय करणारा गोरा असला तर त्याविरुद्ध बोलणे ही देशसेवा आणि अन्याय करणारा आपल्याच देशाचा असला तर ती बदनामी, हा कुठला न्याय? बाबासाहेबांनी जातीच्या उत्पत्तीवरचा आपला निबंध मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात वाचला होता. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची चौकशी केली होती. जातीचा प्रश्न जगाच्या वेशीवर नेण्याची वाट त्यांनीच दाखविली आहे.

त्या वाटेने किती लोक चालले ते पाहा. अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. लक्ष्मी बेरवा यांनी १९८२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारविषयक उपसमितीपुढे दलितांवरील अत्याचारांची कैफियत मांडली. तेव्हा इंटरनेट नव्हते, मागे मोठी संस्था नव्हती. ब्रिटनमध्ये फेडरेशन ऑफ आंबेडकराइट अँड बुद्धिस्ट ऑर्गनायझेशन्स या संस्थेच्या लोकांनी लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घराचा पाठपुरावा केला. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तेथे राहिले होते. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. पुढे स्थानिक कौन्सिलने तेथे स्मारक ठेवायला परवानगी नाकारली, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. आज महाराष्ट्रातून लंडनला जाणारा प्रत्येक आंबेडकरी माणूस त्या घराच्या पायऱ्या चढतो. त्यामागे किती जणांच्या रजा, किती जणांचे पैसे आणि किती कागद खर्ची पडले, हे त्याला कोण सांगणार?

ब्रिटनच्याच समता कायद्यात जातीचा उल्लेख व्हावा म्हणून तेथील दलित संघटना वर्षानुवर्षे झगडल्या. २०१० च्या कायद्यात त्याची तरतूद झाली, २०१३ साली संसदेने ती सरकारवर बंधनकारक केली आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने ती मागे घेण्याचे जाहीर केले. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते परत पाठविले. त्याच महिन्याच्या १४ तारखेला मेरीलँड राज्यात अ‍ॅकोकीक येथे बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. राम सुतार यांनी घडविलेल्या या पुतळ्यामागे नोकरदार माणसांची वर्गणी आणि मेहनत आहे. यात जय आहे, पराजयही आहे. पराजय झालेल्या लढाईचे कार्यकर्तेही सन्मानास पात्र असतात, हे आपण तरी विसरू नये.

पण आरसा आपल्याकडेही वळविला पाहिजे. आपल्या संस्था स्वतःचे पुरस्कार देतात तेव्हा काय करतात? मोठी देणगी देणारा, मोठ्या पगाराचा, मोठ्या कंपनीतला माणूस व्यासपीठावर बसतो. भारतातून आलेल्या पाहुण्याला स्मृतिचिन्ह मिळते. आणि जयंतीसाठी आदल्या रात्री दोनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बायका मागच्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवितात. १९५० आणि ६० च्या दशकांत पंजाबातून ब्रिटनला गेलेले आपले बांधव मिडलँड्समधील फाउंड्र्यांत भट्टीसमोर राबले. गोऱ्यांचा वर्णद्वेष सोसला, आपल्याच देशबांधवांनी विचारलेली जातही सोसली. आठवड्याच्या पगारातून त्यांनी पौंड-पौंड बाजूला काढून सभागृहे घेतली, गुरू रविदासांची आणि बुद्धाची स्थाने उभी केली, जालंधरहून चळवळीची पत्रे मागवून वाचली. त्यांच्यातील बरेच जण गेले, जे आहेत ते आता थकले आहेत. त्यांच्याकडे पदवी नाही, वेतनाचा मोठा आकडा नाही. पण ते नसते तर आजच्या संगणक अभियंत्याला परदेशी उतरल्यावर 'जय भीम' म्हणायला माणूस भेटला नसता.

म्हणून नाव सुचविताना तीन प्रश्न विचारावेत. या माणसाने परदेशी जाऊन स्वतःखेरीज कोणाचे भले केले? त्यासाठी त्याने स्वतःचे काय खर्च केले? आणि त्याने सुरू केलेले काम तो नसतानाही चालू राहील काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत तो आपला उमेदवार, मग तो प्राध्यापक असो वा बसचालक. अनेकांनी मिळून केलेले काम एकट्याच्या नावावर घालण्याचीही गरज नाही. प्रवासी सन्मान संस्थेलाही मिळू शकतो.

आता कागदाविषयी. आपल्याकडे विशेषणांची कमतरता नाही, पुराव्यांची आहे. 'महान समाजसेवक', 'थोर आंबेडकरवादी' असे दहा वेळा लिहून समितीला काही कळत नाही. कोणत्या साली कोणते काम झाले, किती विद्यार्थ्यांना मदत मिळाली, कोणत्या सरकारी समितीपुढे निवेदन दिले, त्याची पोच कुठे आहे, हे लिहावे. सभेच्या इतिवृत्ताची प्रत, वर्गणीच्या पावत्या, संस्थेच्या नोंदणीचा दाखला, जुन्या छायाचित्रांवर तारीख आणि नावे, ज्यांना मदत झाली त्यांची पत्रे, हे सारे जोडावे. ब्रिटनच्या सरकारी सन्मानासाठी कोणीही कोणाचे नाव सुचवू शकतो. मात्र त्या व्यक्तीला ओळखणाऱ्यांची किमान दोन पत्रे लागतात आणि ती व्यक्ती अजून त्या कामात असावी लागते. निर्णयाला वर्ष-दीड वर्ष सहज लागते. म्हणजे म्हातारा कार्यकर्ता अंथरुणाला खिळल्यावर धावपळ करून उपयोग नाही. भारतरत्न हा सन्मान १९५४ साली सुरू झाला. तेव्हा बाबासाहेब हयात होते. कोलंबिया विद्यापीठाने त्यांना १९५२ सालीच सन्मान्य पदवी दिली होती. आपल्या देशाला मात्र भारतरत्न द्यायला १९९० साल उजाडावे लागले. उशिराचा अनुभव आपल्याइतका कोणाला असणार?

एक काळजी मात्र जरूर घ्यावी. नाव सुचविण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे. परदेशात आजही कितीतरी आपले लोक आडनाव सांगताना कचरतात. कंपनीतला वरिष्ठ किंवा घरमालक आपल्याच देशाचा असेल आणि त्याला जात कळली तर काय होईल, ही भीती खोटी नाही. आपल्या उत्साहापायी कोणाच्या पोटावर पाय येऊ नये. जो उघडपणे उभा राहायला तयार आहे त्याचेच नाव द्यावे. पण एकदा त्याने होकार दिला की मग त्याचे खरे काम पहिल्या ओळीत लिहावे. जातिनिर्मूलनाचे काम वगळून मिळणारा सन्मान आपल्याला नको, हे संस्थेने आधीच ठरवावे.

आणि सन्मान मिळालाच नाही तर? तरीही ती फाईल वाया जात नाही. तिची एक प्रत विहारात ठेवावी, एक गावाकडे पाठवावी, एक चळवळीच्या वर्तमानपत्राकडे द्यावी. आपल्या परदेशातील चळवळीचा इतिहास असाच लिहिला जाईल, एकेका माणसाच्या फाईलमधून. दिल्लीच्या समितीने नाव नाकारले तरी मांडवी कोळीवाड्याची रीत आपल्याला माहीत आहे. आपले सभागृह आहे, आपली माणसे आहेत, सत्कार आपण करू.

परदेशातील प्रत्येक आंबेडकरी आणि बौद्ध संस्थेने येत्या १४ एप्रिलपर्यंत एवढे एक काम करावे. आपल्या गावातील सर्वात जुन्या कार्यकर्त्याच्या घरी दोन तरुणांना वही घेऊन पाठवावे. तो सांगेल ते तारीखवार लिहून घ्यावे, कपाटातले कागद पाहावेत, सही घ्यावी. इकडे महाराष्ट्रात ज्यांची मुले-नातवंडे परदेशी आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर खुशाली विचारून झाली की आणखी एक प्रश्न विचारावा : तिथे आपले काम कोण करतो, आणि त्याचे नाव तुम्ही कोणाला कळविले काय?